फाटत नाही असा ळ

युसूफ, तुझा ळ सापडला.

कुठं सापडला ते सांगतो, पण आधी थोडं भांडू दे. पंगतीत बसलेला माणूस अर्ध्या ताटावरून उठत नाही बे, आणि तू अख्खी मुळाक्षरं पार करून एका अक्षरासाठी उठून गेलास. "उद्या काढतो, कालेसाब," एवढंच बोललास आणि दुकानाची पायरी उतरलास. दुसऱ्या दिवशी मी शटर वर केलं, रोजच्यासारखे दोन चहा सांगितले, आणि चहाच्या आधी शबानाचा फोन आला. बापाचं नाव घेतलं पोरीनं आणि पुढं तिला बोलताच येईना. तुझा कप दिवसभर कॉम्प्युटरशेजारी तसाच ठेवला होता मी. कुणी उचलायला आलं तर अंगावर धावून जात होतो. येड्यासारखा.

तुला माती देऊन आलो त्या दिवसापासून लोक विचारतात, तुमचं नातं काय होतं हो? काय सांगू? भागीदार म्हणावं तर आपल्यात कागद नव्हता. मित्र म्हणलं तर लई थोडं वाटतं. शेवटी मी सांगतो, तो ब्रशवाला, मी माऊसवाला. लोकांना वाटतं चेष्टा करतोय. पण खरंच, याच्याहून नीट आपलं नातं कुणी सांगून दाखवावं.

आठवतंय का, पाटोद्यात मी फ्लेक्सचं मशीन आणलं तेव्हा सगळे म्हणत होते, आता पेंटर युसूफ याच्या काचा फोडणार. तू आलास खरा. हातात दगड नव्हता, तंबाखूची पुडी होती. बाहेर उभा राहून माझा बोर्ड वाचलास, "काळे फ्लेक्स आणि डीटीपी", आणि आत येऊन सोयऱ्याच्या घरी बसावं तसा स्टुलावर बसलास.

"कालेसाब, तुमच्या बोर्डावरचं एक अक्षर लई आजारी हाय."

"कोणतं?"

"हेच की. काले मधलं ले."

"ले न्हाई, ळे. काळे म्हणा."

"काले."

"अहो जीभ मागं वळवा. टाळूला लावा. ळ!"

"ल."

मी कपाळाला हात लावला. म्हणलं, बोलता येईना आणि वर नाव ठेवता? तर तू म्हणलास, "तुमाला बोलता येतो ना? मग काढून दाखवा." आणि माझाच मार्कर घेऊन फ्लेक्सच्या एका कतरणीवर ळ काढलास. दोन गोल पोटं, मधी गाठ, आणि वरून सरळ उतरलेला दांडा. अक्षर कसलं, न्हाऊन-धुऊन जेवायला बसलेला माणूस दिसत होता तो. माझ्या बोर्डावरचा ळ त्याच्यापुढं खरोखर आजारी दिसायला लागला. त्या दिवसापासून तू माझ्या दुकानात, आणि त्या दिवसापासून मी तुला ळ शिकवतोय. शिकवत होतो.

किती प्रकारानं शिकवला रे! बाळ म्हण, शाळा म्हण, केळी म्हण. तू बाल, शाला, केली. गिऱ्हाईक बसलेलं असायचं, तेसुद्धा माझ्या बाजूनं शिकवायला लागायचं. तू मान डोलवून ऐकायचास, जीभ तोंडात फिरवायचास, डोळे मिटून जोर लावायचास, आणि शेवटी "ल". सगळं दुकान हसायचं. मी म्हणायचो, युसूफ, तुझा हात मराठी आणि जीभ दख्खनी. तू म्हणायचास, आन् तुझं उलटं हाय का? तुझी जीभ मराठी, हात कुठल्या गावचा कुणाला ठावं.

आता कामाचं. तेलगावच्या शाळेची भिंत पडली, युसूफ. तिथल्या शेळके मॅडमनी सांगितलं होतं तशीच, जुन्या खोल्या पाडून नव्या बांधायला घेतल्या. तू तरणा होतास तेव्हा सासुरवाडीला जाऊन रंगवलेली ती भिंत. अ अननसाचा पासून ज्ञ ज्ञानेश्वराचा पर्यंत, प्रत्येक अक्षराखाली चित्र. सासऱ्यावर छाप पाडायला काढली होतीस ना? तूच सांगायचास. मॅडमनी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "भिंत राखणं आमच्या हातात न्हाई. पण अक्षरं तरी राहतील का काही करून? सगळ्या शाळांना पाठवता येतील, मोबाईलवर दिसतील, भिंतीवर परत काढता येतील, असं काहीतरी." मी हो म्हणलं. तू खालमानेनं चहा पीत होतास. कप खाली ठेवून एवढंच म्हणलास, "चल मग, भिंत बघून येऊ."

मोटरसायकलवर गेलतो आपण. त्या भिंतीसमोर तू कसा उभा राहिलास ते मी अजून विसरलो नाही. हात मागं बांधून, मुलांनी परीक्षेचा निकाल बघावा तसा. मी एकेका अक्षराचा समोरून फोटो घेत गेलो, आणि शेवटच्या ओळीत ळ च्या जागी आलो तर तिथं ळ नाही! भगदाड, आणि त्यातून लोखंडी पाइप बाहेर आलेला. खाली तुझ्या अक्षरात अर्धवट उरलेलं, "... नळाचा".

तू लहान पोरासारखा हसत सुटलास. "कालेसाब, बघ बे! नलाच्या पायी नलाचाच ल गेला!"

"ळ."

"तेच म्हणतोय."

शेळके मॅडम ओशाळल्या. पिण्याच्या पाण्याची लाइन घेताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तू त्यांना म्हणलास, "असू द्या मॅडम. पानी आलं ना लेकरांला? अक्षर मी परत काढून देतो." त्या वेळी मला वाटलं, एकच तर आहे, होईल.

मग दुकानात आपली महाभारतं सुरू झाली. तुला सगळ्यात आधी फाटण्याचं गणित पटवावं लागलं. फोटो म्हणजे नुसते ठिपके, मोठा केला की फाटतो, हे तुला कळलं. पण रेषेचं अक्षर फाटत नाही हे पटेना. मी सांगितलं, यात रंग साठवलेला नसतो, वळण साठवलेलं असतं. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत असं वळायचं, एवढाच हुकूम. टपाल तिकिटाएवढं करा की भिंतीएवढं, कड तेवढीच साफ. मी तुझा अ पडदा भरून मोठा केला, आणखी मोठा, आणखी मोठा, शेवटी नुसती एक कड राहिली स्क्रीनवर, आणि ती वस्तऱ्यासारखी. तू पुढं वाकून काचेला बोट लावलंस. "म्हणजे मी मेलो तरी फाटणार न्हाई म्हन की." असलं काहीतरी बोलायची तुला हौसच होती. मी चिडलो होतो तेव्हा.

पण पहिल्यांदा फोटोवरून मशीनकडूनच अक्षर ट्रेस करून घेतलं आणि तू बघून किंचाळलास. एका क च्या कडेला शेकडो बिंदू, आमच्या भाषेत नोड. भिंतीचा पोपडा, चुन्याचा डाग, पावसाचा ओघळ, मशीननं सगळं अक्षर समजून घेतलं होतं. "या अल्ला, मुंग्या लागल्या याला!" झालं. तेव्हापासून आपल्या दुकानात नोड हा शब्दच मेला. तू सांगायचास, मुंग्या झाड. गिऱ्हाइकाचा लोगो आला तरी मुंग्या झाड. फाइल जड झाली, कुणाच्या मोबाईलवर उघडेना, तरी तुझं निदान एकच, मुंग्या लागल्यात.

आणि मग ती मुंग्यांची फजिती! तू खुर्चीमागं उभा, "झाड, सगळ्या झाड, एक बी ठेवू नको," आणि मी बारीकसारीक जे काय होतं ते एका दणक्यात निवडून उडवलं. फाइल काय हलकी झाली! पीडीएफ केली, मॅडमना पाठवली, आपण भजी मागवली. भजी संपायच्या आत फोन आला.

"काळे सर, या चिंचेला काय झालं?"

"काय झालं?"

"चिच झालीय तिची. आणि पतंगाचा पतग झालाय. आणि सर, अ दोनदा आलाय."

अनुस्वार! मुंग्यांबरोबर सगळे अनुस्वार झाडले होते आपण. अं चं टिंब गेलं आणि त्याचा अ झाला. मी डोकं धरून बसलो. तू मात्र हळूच म्हणलास, "उर्दूत बी असंच असतं बे. नुक्ता वर असला तर खुदा, खाली आला की जुदा. ठिपक्याला मुंगी समजायचं न्हाई." मग आपण मशीनचं ट्रेस पूर्ण फेकून दिलं. तुझ्या हातानं काढलेलं अक्षर हातानंच उतरवायचं ठरलं. फोटो खाली, वर माझा कॉम्प्युटरमधला पेन, आणि शेजारी स्टुलावर तू. "आता वलव. न्हाई, थांब. जरा उशिरा वलव. ब्रशला वजन असतं बे, माऊसगत उडत न्हाई तो." तुझ्या त्या "उशिरा वलव"मुळं मला पहिल्यांदा कळलं की अक्षर वळतं कुठं. चार-सहा बिंदूंत तुझा ग उभा राहिला तेव्हा मी मनातल्या मनात तुला सलाम केला होता. तोंडावर नाही केला. तोंडावर म्हणलं, बरा आलाय.

रंगावरून भांडलो. तुझा भिंतीवरचा डब्यातला हिरवा कॉम्प्युटरवर उजळ पोपटी दिसायला लागला. "हा हिरवा न्हाई, सरबत हाय." तुला समजावलं की कागदाचा रंग शाईचा असतो आणि काचेचा रंग उजेडाचा, म्हणून छापायची फाइल वेगळी, मोबाईलवर बघायची वेगळी. तू म्हणलास, "म्हणजे जावयाला एक भाजी, गड्याला एक?" पण शेवटी स्क्रीनवरचा हिरवा तूच बसवून दिलास, खिडकीतून बाहेरच्या लिंबाकडं बघत बघत.

कर्व्हचं मात्र तुला लगेच पटलं. मी सांगितलं, खालची नावं, चिंच, पतंग, हे टाइप केलेलं आहे, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर हा फॉन्ट नसला तर नुसता कचरा दिसेल. म्हणून पाठवायच्या आधी कर्व्ह करायचं. मग ते टाइप केलेलं राहत नाही, आकार होतो, कुठंही उघडा, तसंच दिसणार. पण एकदा केलं की चूक सापडली तरी बदलता येत नाही. तू म्हणलास, "समजलं. कबूल है, कबूल है, कबूल है." त्यानंतर प्रत्येक फाइलला मी बटन दाबायच्या आधी तू मागून तीनदा विचारायचास, "कबूल?" बसलेलं गिऱ्हाईक बावचळून जायचं.

आणि मॅडमनी शाळेतल्या त्या मुलीचं सांगितलं, जिला दिसत नाही, जी मोबाईलकडून वाचून घेते. मी म्हणलं, हीच तर अडचण आहे. कर्व्ह केलेलं अक्षर फोनच्या लेखी मुकं. तो म्हणतो, "चित्र". एवढंच. तू सुपारी चघळत बराच वेळ बसलास. "मग नाव दे की एकेकाला. लेकरू दिसायला कितीबी देखणं असू दे, हाक मारायला नाव लागतंच." इतकं सोपं होतं ते! प्रत्येक आकाराच्या पोटात नाव लिहून ठेवलं, क कमळाचा, ख खटाऱ्याचा, म्हणजे फोन ते वाचून दाखवील. पुस्तकांत दोन-दोन पानं खर्चून सांगतात ते तू एका सुपारीत सांगितलंस.

पण शेवटचं भांडण सुटलंच नाही, युसूफ. त्या उंचवट्याचं.

तुझ्या प्रत्येक मोठ्या अक्षरात एक जागा असते. क च्या पोटाशी, छ च्या गाठीशी. तिथं तू ब्रश उचलून पुन्हा रंगात बुडवायचास आणि परत टेकवायचास. टेकवला तिथं कडेला बारीकसा फुगवटा. मी तो गुळगुळीत करत होतो, कारण मोबाईलवर तो चुकल्यासारखा दिसतो. तू म्हणलास, राहू दे. मी म्हणलं, ही मुंगीच हाय. तू उठून उभा राहिलास.

"मुंगी न्हाई बे ती. माझा दम हाय तिथं. तिथं मी श्वास घेतलाय."

"लोकांना काय ठावं तुझा श्वास? लोक म्हणतील ऑपरेटरला माऊस धरता येत न्हाई."

"म्हणू दे."

"आन् तो ळ कधी देतोस? मॅडमचा दोनदा फोन आला. कागदावर काढून दे ना आत्ता."

"कागदावर ल येत न्हाई मला. पत्रा लागतो. रंग लागतो."

"मग मी फॉन्टमधला टाकतो!"

"टाक, टाक. घरातलं लेकरू हरवलं तर जत्रेतली बाहुली आणून पालण्यात घाल."

बोललो आपण दोघंही तिरसटपणानं. पण पायरीवर जाऊन तू वळलास, हसलास, आणि म्हणलास, उद्या काढतो. माझ्याकडं आहे ते हसणं. भांडणावर गेला नाहीस तू, एवढं मी रोज स्वतःला सांगतो.

तू गेल्यावर मी खरंच फॉन्टमधला ळ टाकून बघितला. बघवेना. सगळी तुझी लेकरं रांगेत उभी आणि मधी कुणीतरी परक्या गावचा इस्त्रीचे कपडे घालून. मग तुझ्या क चं पोट कापून, उलटं करून, ळ जुळवून बघितला. तो ळ नाही झाला, जिलेबी झाली. मॅडम म्हणाल्या, "सर, ळ शिवायच पाठवा आता, चालेल." चालेल? ळ शिवाय? मग बाळ कुठं जाईल, शाळा कुठं जाईल, काळे कुठं जाईल? म्हणलं, थोडं थांबा.

आणि गावात फिरायला लागलो. कुठंतरी तू रंगवलेला एक ळ असणारच की! तुझ्या बोर्डांनी हे गाव भरलेलं होतं. पण जिथं बघावं तिथं फ्लेक्स. तेही माझेच! रसवंतीची भिंत नवीन रंगवलेली. टेलरचं दुकान गेलं, तिथं मोबाईलचं आलं. तुझा मेहुणा फळांचा गाडा लावतो, त्याच्याकडं आशेनं गेलो, ताजी फळे लिहिलेलं असेल म्हणून. तर तो म्हणाला, गाडा विकला, दुसरा घेतला. एकटा उभा राहून म्हणलं, युसूफ, तुला मीच पुसून टाकलं की काय बे.

बंकटशेठच्या दुकानासमोर आलो तेव्हा वरती माझा फ्लेक्स फडफडत होता, एका कोपऱ्यातून सुटलेला. गूळ आणि मिरचीचे ठोक व्यापारी. वाऱ्यानं कोपरा उचलला आणि आत लाल रंग चमकला. मी ओरडलोच, "शेठ, शिडी!"

"कावून? काय झालं?"

"फ्लेक्स काढायचाय."

"अहो, तुमीच तर लावला. पैसे बी घेतले."

"नवा लावून देतो, फुकट. शिडी द्या आधी."

फ्लेक्सचे खिळे उपसले आणि तो बाजूला सारला. खाली तुझा पत्र्याचा बोर्ड जसाच्या तसा. बाकी गावातले तुझे रंग उन्हानं उडाले, हा उडाला नाही, कारण माझा फ्लेक्स इतकी वर्षं त्याच्यावर सावली धरून होता. लाल अक्षर, पिवळी कड, आणि पहिलाच शब्द, गूळ. केवढा मोठा ळ काढलायस! दोन पोटं, मधी गाठ, आणि गाठीशी तुझा तो दम. शिडीवर उभा राहून मी रडलो, युसूफ. खालून बंकटशेठ म्हणत होते, "उतरा, चक्कर आली का?" आणि मी त्यांना म्हणत होतो, सापडला, सापडला. त्यांना वाटलं पैशाचं पाकीट.

फोटो घेतला. दुकानात येऊन बसलो. तुझा स्टूल शेजारी ओढून घेतला. माऊस हातात घेतला आणि उशिरा वळवला, ब्रशला वजन असतं ते ध्यानात ठेवून. गाठीपाशी आलो. तो फुगवटा. बोट बटनावर होतं. तू जिवंत असतास तर मी नक्की गुळगुळीत केला असता, आणि आपण आणखी चार दिवस भांडलो असतो. आता भांडायला कोण आहे? राहू दिला. मग मागं जाऊन क, छ, सगळ्यांचे गुळगुळीत केलेले दम परत बसवले. जिंकलास तू. घे.

गंमत म्हणजे छोटं करून मोबाईलवर बघितलं तर चुकल्यासारखं अजिबात दिसेना. अक्षर जरा थांबून पुढं निघाल्यासारखं दिसतं, बस.

फाइल तयार झाल्यावर पहिली तुझ्या घरी घेऊन गेलो. भाभी इद्दतमध्ये, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर येत नाहीत. मी बाहेर बाजेवर बसलो, शबाना फोन आत घेऊन गेली. भाभींना मराठी वाचता येत नाही, पण ती भिंत त्यांच्या माहेरची. पडद्यामागून शबानाचा आवाज, "अम्मी, ये देखो, अब्बा का हात." मग तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवलं आणि फोन वाचायला लागला. क, कमळाचा. ख, खटाऱ्याचा. शेवटी फोन म्हणाला, "ळ. नळाचा."

आणि पडद्यामागून भाभी म्हणाल्या, "हौ. उनो बी ऐसाच साफ बोलते थे."

मला हसू आलं. म्हणलं, "भाभी, ये अक्षर तो उसको जिंदगीभर न्हाई आया. मुझे काले बोलता था. कितना सिखाया मैंने."

पडदा जरासा हलला. मग हसण्याचा आवाज. त्या घरात त्या दिवसांत मी ऐकलेला पहिला.

"तुमारे सामनेच, दत्ताभाई. घर में तो दिनभर काळे आया, काळे गया, काळे का फोन है. एकदम साफ. मैं बोली, कायकू सताते बेचारे को? तो बोले, वो जीभ मोड मोड के सिखाता है ना, बहोत मजा आता है. जिस दिन बराबर बोलूँगा, उस दिन सिखाना बंद कर देगा."

अरे भामट्या!

इतकी वर्षं! इतकी वर्षं डोळे मिटून जीभ फिरवायचास, गिऱ्हाइकांकडून शिकून घ्यायचास, मी घसा कोरडा करायचो, आणि तू आत आत हसत होतास? मी त्या बाजेवर बसून हसलो की रडलो, शबानालाच विचार. तिनं पाणी आणून दिलं. मला वाटत होतं मी तुला सांभाळून घेतोय, आणि तू माझी शिकवणी चालू राहावी म्हणून रोज नापास होत होतास. थँक्यू म्हणायचं राहिलं रे तुला. कशाकशाचं म्हणू.

दुकानात आलो आणि शेवटचं काम केलं. फाइलच्या खालच्या कोपऱ्यात, तू बोर्डाच्या कोपऱ्यात लिहायचास तसं, "अक्षरे : पेंटर युसूफ". त्याच्याखाली बारीक अक्षरात माझं नाव टाइप केलं. मग मोकळ्या स्टुलाकडं बघून तीनदा विचारलं, कबूल? आणि बटन दाबलं.

आता ती फाइल सुटलीय, युसूफ. मास्तरांच्या ग्रुपवर फिरते. कुठं एका वेबसाइटवर चढली म्हणे, कुणीही उतरवून घ्यावी. धर्मापुरीच्या एका मास्तरानं फोटो पाठवला, तिथल्या पेंटरनं शाळेच्या भिंतीवर तुझा ळ माणसाच्या उंचीचा काढलाय, दमासकट. ती मुलगी बोट फिरवून ऐकते आणि फोनच्या आधी स्वतःच म्हणून टाकते, असं मॅडम सांगत होत्या. बंकटशेठनी नवा फ्लेक्स नको म्हणलं, तुझाच बोर्ड राहू द्या म्हणाले. तुझ्या नावावर एक फुकटचं काम बुडालं माझं.

काल शेळके मॅडमचा पुन्हा फोन आला. जरा चाचरतच बोलत होत्या.

"सर, सगळं लई छान झालंय. फक्त एक बारीक चूक राहिलीय. खाली तुमच्याच नावात. दत्ता काले पडलंय. ळ च्या जागी ल."

"माहीत हाय मॅडम."

"मग तेवढं दुरुस्त करून परत पाठवता का?"

"आता बदलत न्हाई ते," मी म्हणलं. "कर्व्ह केलंय."